सदतिसावा कॉल

"बोला, गिऱ्हाईक. आधी मागून दाखवा."

असं म्हणून आबा चष्मा कपाळावर सरकवायचे, टेबलावरचा कोरा कागद समोरच्याकडे ढकलायचे आणि खुर्चीत रेलून डोळे मिटून घ्यायचे. नवीन माणसाला वाटायचं, हे झोपले. पण कागदावरची पेन्सिल थांबली की डोळे न उघडता विचारायचे, "अडलं कुठे?"

गिऱ्हाईक म्हणजे आम्ही. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या छपराखाली आमची लहानशी कंपनी होती. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो आणि प्रत्येक काट्याला एक छोटा कॉम्प्युटर जोडलेला असायचा. लोखंडी डबा, त्यावर हिरव्या अक्षरांचा इवलासा पडदा आणि शेजारी पावती छापणारं यंत्र. डाळ मिलवाले, धान्याचे आडते, मिरचीचे व्यापारी ते विकत घ्यायचे. पण ते कंपनीचे गिऱ्हाईक. आबांचे गिऱ्हाईक म्हणजे प्रोग्राम लिहिणारे दोघं: धुळ्यात मी आणि जळगावच्या शाखेत पाटील.

हे जरा समजावून सांगायला हवं. त्या डब्यातला मूळ प्रोग्राम, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम, आबांनी एकट्याने लिहिली होती. काट्याकडून वजन घेणं, कोणती कळ दाबली ते बघणं, पडद्यावर अक्षर उमटवणं, कागद पुढे सरकवणं ही सगळी तिची कामं. आम्ही तिच्यावर आमचे प्रोग्राम लिहायचो. मिरचीवाल्याला एक, डाळ मिलला दुसरा. आमच्या प्रोग्रामला वजन हवं असेल तर त्याने थेट काट्याशी बोलायचं नाही, सिस्टमकडे मागायचं. त्या मागण्याची ठरलेली रीत असते, तिला कॉल म्हणतात. प्रत्येक कॉलला नंबर. असे छत्तीस कॉल होते आणि ते पिवळ्या कव्हरच्या सायक्लोस्टाईल पुस्तिकेत लिहिलेले होते.

"काट्याला तुम्ही हात लावायचा नाही," आबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "उद्या काटा बदलेल, छपाईचं यंत्र बदलेल. तुम्ही परस्पर त्यांच्याशी बोलणी केलीत तर दर वेळी सगळं नव्याने लिहीत बसाल. मला मागा. खाली काय बदललं ते माझं मी बघेन. तुम्हाला मिळणारं उत्तर बदलणार नाही."

मी आता जळगावात मुलांना हाच विषय शिकवते आणि अजूनही हेच सांगते, कारण ते बरोबर आहे.

आबा पन्नाशीचे. रावेरकडच्या केळी लावणाऱ्या घरातले, पण बरीच वर्षं दक्षिणेत एका मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करून परत आलेले. पायजमा-सदऱ्यात यायचे. सोमवारी गावाहून आले की स्कूटरच्या पुढच्या जाळीत केळीची फणी असायची आणि ती संपेपर्यंत कोणाच्याही प्रश्नाला उत्तर मिळायचं नाही. "खा आधी. पोटात काही नसलं की माणूस नको ते मागतो."

'आधी मागून दाखवा' याचा अर्थ मला महिनाभराने कळला. नवा कॉल हवा असेल तर तो कॉल आहेच असं धरून माझा पूर्ण प्रोग्राम त्या कोऱ्या कागदावर लिहायचा. तो वाचताना जिथे मी अडखळेन तिथे चूक माझी नाही, कॉलची. "देणाऱ्याच्या सोयीने ठरवलं तर मी काहीही ठरवीन," ते म्हणायचे. "मागणाऱ्याला काय सोपं ते बघायचं."

मी पहिल्यांदा पावती छापण्याचा कॉल मागितला, तेव्हा त्याला चौदा गोष्टी पुरवायच्या होत्या. अक्षराचा आकार, डावीकडची जागा, कागदाची रुंदी आणि असंच काय काय. मला तो फार परिपूर्ण वाटत होता. आबांनी जळगावला फोन लावला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाटलांना सांगा, कसा वापरायचा."

त्या काळच्या लाईनीवर शेजारच्या गावाशी बोलायलाही ओरडावं लागायचं. मी ओरडत होते, "सातवी जागा रिकामी सोडायची! सातवी! नाही हो, रिकामी म्हणजे शून्य नाही!" बाहेर डबे जोडणारे कामगार हात थांबवून आत बघायला लागले. पलीकडून पाटील म्हणाले, "ताई, कोणी आजारी आहे का?"

मी फोन ठेवला. आबांचे डोळे मिटलेलेच होते, पण पोट हलत होतं. "जे फोनवर सांगता येत नाही ते कॉलमध्ये ठेवायचं नाही," ते म्हणाले. चौदाचे तीन झाले.

दुसरी त्यांची चीड म्हणजे नुसतं 'नाही' म्हणणारा कॉल. कागद संपलाय म्हणून छापलं नाही, की यंत्रच जोडलेलं नाही म्हणून छापलं नाही, हे वेगवेगळं कळलं पाहिजे. गॅसच्या नोंदणीसाठी ते एकदा तीन वेळा कचेरीत गेले होते आणि तिन्ही वेळा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता 'नाही' म्हटलं होतं. त्याची नक्कल ते हुबेहूब करायचे. "तसला कारकून माझ्या सिस्टममध्ये नको. नाही म्हणायचं तर का नाही ते सांग." पुस्तिकेत नसलेला नंबर जरी कोणी मागितला तरी पडद्यावर स्वच्छ उत्तर यायचं: असा कॉल नाही.

आणि एकदा दिलेला कॉल ते बदलत नसत. नवव्या कॉलच्या इंग्रजी नावात त्यांच्याकडूनच एक अक्षर चुकलं होतं. पुस्तिका छापून झाल्यावर ते लक्षात आलं. मी म्हटलं, दुरुस्त करा की. तर म्हणाले, "पाटलांचे दोन प्रोग्राम त्याच नावाने मागतात. माझी लाज झाकायला त्यांची कामं मोडू?" ती चूक पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तशीच छापली गेली.

अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर, असं तुम्हालाही वाटलं असतं.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. काटे बसवायला मला दोंडाईचा, नरडाणा असं एकटीने फिरावं लागेल म्हटल्यावर त्यांनी नोकरीला नकारच दिला. हे आबांना कळलं, तेव्हा ते एका रविवारी न सांगता आमच्या घरी आले. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. ती दिसल्यावर 'घाईत आहे' म्हणून उठणारी माणसं वडिलांनी आयुष्यभर पाहिलेली. आबा तसबिरीखालीच बसले, आईच्या हातची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. जाताना वडिलांना म्हणाले, "भाऊ, पोरगी काम करते ते माझ्या भरवशावर. काही झालं तर जबाबदार मी. तिच्यापर्यंत येऊ देणार नाही."

वडिलांनी हो म्हटलं. मग बरेच दिवस ते शेजाऱ्यांना सांगत होते, "हिचे साहेब घरी जेवून गेले."

दोंडाईच्याला मिरचीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडे आमचा काटा बसला होता. तुम्ही हंगामात त्या बाजूला गेला असाल तर माहीत असेल, नजर जाईल तिथवर लाल पथाऱ्या आणि हवेत सतत ठसका. मी नाकाला रुमाल बांधूनच काम करायची. काटा बसवून महिना झाला नसेल, तोच तिथून निरोप आला की कोणी बाई वजन कमी दाखवतो म्हणून भांडतेय, माणूस पाठवा. मी बसने गेले.

ती बाई वेणूअक्का. जवळच्याच खेड्यातली, साठीच्या आसपासची. पाच पोती ओली मिरची घेऊन आली होती. हातात वहीचं एक पान, त्यावर घरच्या तराजूत मोजलेली पाच पोत्यांची पाच वजनं, मुलीने लिहून दिलेली.

"बैन," ती मला अहिराणीत म्हणाली, "मन्हा घरना काट्यावर दोनशे बारा भरनी. तुन्हं मशीन दोनशे आठ सांगस. चार किलो मिरची कथी गयी?"

भोवती पंचवीस-तीस माणसं जमली होती. व्यापारी गादीवर बसून शांतपणे बघत होता. मी पिशवीतून आणलेलं वीस किलोचं शिक्क्याचं वजन काट्यावर ठेवलं. पडद्यावर आलं: वीस पूर्णांक शून्य. पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस.

"अक्का," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही. तुमचा घरचा काटा तपासून घ्या."

लोक हसले. एक जण म्हणाला, "म्हातारीना तराजू आजोबाना टाइमना शे." पुन्हा हशा. वेणूअक्काने वहीचं पान घडी घालून कमरेला खोचलं. ती हसली नाही आणि ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, "एक एक पोतं मोज ना, बैन."

माझी धुळ्याची बस सुटायला दहा मिनिटं होती. मी म्हटलं, "त्याने काय फरक पडणार, अक्का?" आणि निघाले. बसमध्ये मला समाधान वाटत होतं. इतक्या लोकांसमोर मी न घाबरता बोलले, हे आबांना सांगायचं होतं.

सांगितलं. आबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंस." मग ते उठून पाणी प्यायला गेले. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

पण 'एक एक पोतं मोज' हे माझ्या डोक्यातून जाईना. कोणी तसं उगाच का म्हणेल? चार दिवसांनी, दुपारी सगळे जेवायला गेले असताना, मी टेबलाशेजारी तयार ठेवलेल्या एका नव्या काट्यापाशी गेले. तोही मिरचीवाल्याकडेच जायचा होता. वीस किलोची चार लोखंडी वजनं चढवली: ऐंशी. उतरवली, चप्पल काढून स्वतः उभी राहिले: अठ्ठेचाळीस. मग लोखंड पुन्हा चढवलं आणि त्याच्या शेजारी मी उभी राहिले. एकशे अठ्ठावीस यायला हवे होते.

एकशे पंचवीस पूर्णांक चार.

मी उतरले, पुन्हा चढले. तेच. एकेक लोखंड काढून पाहिलं तेव्हा कळलं: शंभरच्या आत काटा अगदी खरा, शंभरच्या पुढे शेकडा दोन कमी. तपासणीला येणारे लोक वीस-वीसची तीन-चार वजनं आणतात, त्यापुढे कधीच जात नाहीत. वेणूअक्काची पोती एकेकटी खरी भरली असती आणि पाचही मिळून खोटी.

पहिल्यांदा मी माझा प्रोग्राम तपासला, कारण चूक माझीच असणार. ओळ न् ओळ वाचली. त्यात काहीच नव्हतं. सतराव्या कॉलने वजन मागायचं आणि आलेला आकडा जसाच्या तसा छापायचा. मग मी आयुष्यात पहिल्यांदा आबांचा नियम मोडला. कॉल बाजूला ठेवून काट्याकडून येणारा कच्चा आकडा थेट वाचला, हिशेबाने किलोत बदलला. एकशे अठ्ठावीस.

काटा खरा होता आणि माझा प्रोग्रामही खरा होता. खोटं मधल्या जागी होतं, आणि त्या जागी फक्त एकच माणूस काम करत होता.

मला आणखी एक सुचलं. मी पुस्तिकेबाहेरचे नंबर मागून बघितले. एक्केचाळीस: असा कॉल नाही. चाळीस: असा कॉल नाही. एकोणचाळीस, अडतीस, तेच. सदतीस मागितला आणि पडद्यावर आलं: ठीक.

आबा जेवून आले. हातात बडीशेप होती. मला द्यायला त्यांनी मूठ पुढे केली.

"आबा, सदतीस नंबर काय आहे?"

त्यांनी कपाळावरचा चष्मा हळूच डोळ्यांवर घेतला. "पुस्तिकेत नाही तो."

"म्हणूनच विचारतेय."

ते खुर्चीवर बसले. बडीशेप कागदावर ठेवली. "मशीन बाहेर पाठवण्याआधी, शेकडा किती कमी दाखवायचं ते त्याने ठरवून ठेवता येतं. व्यापाऱ्यांना हवा म्हणून आपल्या कंपनीच्या शेठनी मागितला. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मुंबईच्या कंपनीचा तयार प्रोग्राम घेतो, त्यात ही सोय आहे. तुमचं काम इथेच थांबवा." मग त्यांनी पिवळ्या पुस्तिकेवर तळहात ठेवला. "दोन वर्षं, पोरी. छत्तीस कॉल. तुझे, पाटलांचे सगळे प्रोग्राम. सगळं कचऱ्यात गेलं असतं."

"म्हणून दिलात?"

"पुस्तिका मी स्वच्छ ठेवली. त्यात एक अक्षर खोटं नाही."

मी त्यांच्या हाताखालून पुस्तिका ओढून घेतली, सतरावा कॉल काढला आणि वाचून दाखवला. "काट्यावरील वजन देतो." पुढे आबांच्याच वळणदार भाषेत लिहिलेलं होतं की हा आकडा जसा मिळाला तसा वापरावा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्यात बदल करू नये.

त्यांनी पुस्तिका माझ्या हातातून घेऊन मिटली. मला वाटलं, रागावतील, दटावतील. त्यांनी तसं काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी तीस माणसांपुढे सांगून आले," मी म्हटलं. "मशीन खोटं बोलत नाही म्हणून. तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं केलंस."

"आठ दिवस दे," आबा म्हणाले. "सगळ्या मशीनमधल्या सिस्टमच्या चिप बदलून टाकतो. शेठना कळू न देता. आठ दिवस कोणाशी बोलू नकोस."

मी दिले. का दिले ते आज सांगताना लाज वाटते. समोर आबा होते आणि ते मागत होते, एवढंच कारण. त्या आठ दिवसांत दोंडाईच्याला किती पोती मोजली जातील हे माझ्या मनात आलं होतं. तरीही दिले.

मी रोज बघत होते. पहिल्या दिवशी त्यांनी चिपचा डबा काढून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. पाचव्या दिवशी त्यावर वर्तमानपत्र होतं.

सहाव्या दिवशी वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. वेणूअक्का स्वतः बसने धुळ्याला आली होती आणि वहीचं ते पान तिने त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. जे मी करायला हवं होतं ते तिने केलं.

निरीक्षक चांगले जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. शेठ, आबा आणि मी अशा तिघांना त्यांनी काट्याच्या खोलीत बोलावलं. विचारलं, "वजन कमी येतंय असं म्हणणं आहे. हा वजनाचा प्रोग्राम कोणी लिहिला?"

शेठनी आबांकडे बघितलं. मीही बघितलं. मला खात्री होती.

आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "मिरचीवाल्यांचा प्रोग्राम यांनी लिहिलाय. पावतीवर आकडा छापणारा यांचाच. माझं काम फक्त खालचं."

त्यांनी मला 'यांनी' म्हटलं. रोज 'पोरी' म्हणणाऱ्या माणसाने.

निरीक्षक माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

मी कळफलकाशी बसले आणि दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला. वरच्या ओळीत सतराव्या कॉलने मिळालेलं वजन, खालच्या ओळीत काट्याकडून थेट घेतलेलं. मग म्हटलं, "साहेब, तुमची चारही वजनं काट्यावर ठेवा. आणि कृपा करून तुम्ही स्वतः उभे राहा."

त्यांनी बूट काढले, सावधपणे चढले. पडद्यावर दोन आकडे आले. वर एकशे पन्नास पूर्णांक नऊ. खाली एकशे चोपन्न.

"वरचा माझा प्रोग्राम छापतो," मी म्हटलं. "तो मला सिस्टमकडून मिळतो. खालचा काट्याचा आहे. आता लोखंड उतरवा."

लोखंड उतरवलं. दोन्ही ओळींत चौऱ्याहत्तर. निरीक्षक आधी हसले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसू गेलं. त्यांनी आबांना विचारलं, "हे काय आहे?"

त्या सिस्टममधली एक-एक ओळ ज्यांना तोंडपाठ होती ते आबा म्हणाले, "बघावं लागेल."

मग "पाणी पिऊन येतो" म्हणून ते बाहेर गेले. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. आत आम्ही तिघं पडद्याकडे बघत उभे होतो. ते परत आले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पुढे फार काही झालं नाही. दोंडाईच्याचा आणि आणखी दोन ठिकाणचे काटे सील झाले. शेठनी 'तांत्रिक दोष' असं लिहून दिलं, चिप बदलून दिल्या, प्रकरण मिटलं. मला मात्र दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. पाटलांनी जळगावहून फोन केला. म्हणाले, "ताई, आबा असं करतील हे मला खरं वाटत नाही. तुमचा काही गैरसमज तर नाही ना?" मी त्यांना दोष देत नाही. कोणी मला सांगितलं असतं तर मीही हेच विचारलं असतं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला चहा तसाच राहिला. म्हणाले, "पण ते तर म्हणाले होते, तिच्यापर्यंत येऊ देणार नाही." एवढंच. त्यानंतर शेजाऱ्यांपुढे त्यांनी आबांचं नाव कधी घेतलं नाही.

मला वाईट कशाचं वाटलं ते नीट सांगता येत नाही. नोकरी गेल्याचं तर होतंच. पण नियम सगळे खरे होते ना. काट्याला हात लावू नका, मला मागा, मिळेल ते तसंच वापरा. त्या नियमांनी मी चांगली प्रोग्रामर झाले. आणि त्याच नियमांमुळे खाली काय चाललंय ते मी कधी बघितलं नाही. ते मला शिकवत होते की आंधळी करत होते, हे मी किती वेळा स्वतःला विचारलंय. बहुतेक त्यांनाही माहीत नसेल.

जळगावच्या तंत्रनिकेतनात मला शिकवायची नोकरी मिळाली. रुजू होण्याआधी एक काम उरलं होतं. थंडी सुरू झाली होती. मी बसने दोंडाईच्याला गेले आणि विचारत विचारत वेणूअक्काच्या गावी पोचले.

घरापुढच्या मोकळ्या जागेत मिरचीची पथारी पसरलेली. चार-पाच बाया बसून ओली-वाळकी वेगळी करत होत्या. वेणूअक्काने मला लगेच ओळखलं.

"तू तीच ना? मशीनवाली?"

"हो, अक्का."

"बठ." तिने दारातली खाट दाखवली. मी टेकले. काय बोलायचं ते वाटभर जुळवलं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "तुन्हा साहेब उना व्हता आठे. दिवाळीना आधी. चष्मावाला."

"आबा? इथे?"

"आठेच बठना. तू बठनी ना, तठेच."

"काय म्हणाले?"

अक्का माझ्याकडे मायेने बघत होती. ती माया कशाची हे मला पुढच्या वाक्याला कळलं. "म्हणे, पोर धाकली शे, नवी शे. लिखामा तिनी चूक व्हयनी. तिले माफ करा. हात जोडात त्यानी मन्हापुढे. रडना बी. मी म्हनं, जाऊ दे भाऊ, पोरेस्नी चुका व्हतस."

माझ्या नावाने माफी मागून झाली होती आणि मला ती मिळूनही गेली होती.

मग मी सांगितलं. सतरा, सदतीस हे काही नाही, फक्त घडलं ते. की ती चूक मी केलेली नव्हती, ती चूकच नव्हती, ती त्यांनी जाणूनबुजून बसवलेली होती. "माझी चूक वेगळी आहे, अक्का. तुम्ही म्हणालात एकेक पोतं मोज, आणि मी मोजलं नाही. तीस माणसांपुढे तुम्हाला खोटं पाडलं. नंतर खरं कळलं तरी सहा दिवस गप्प बसले. त्याची माफी मागायला आलेय."

पथारीवरच्या बायांचे हात थांबले होते.

"मंग," अक्का म्हणाली, "तो काबर रडना?"

आबा का रडले, हे तेच सांगू शकले असते. मी खाटेवरून उठले, पदर खोचला आणि त्या बायांमध्ये जाऊन बसले. एकीने सरकून जागा दिली, दुसरीने ओल्या मिरचीचं टोपलं माझ्यापुढे ओढलं. संध्याकाळच्या बसपर्यंत मी मिरच्या निवडत होते. हात कोपरापर्यंत पेटले होते.